पोचल्याचा फोन

विमानातलं मला काडीचं कळत नाही. पण जबलपूरहून टोरोंटोला माणूस किती वेळात पोचतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कारण तेवढा वेळ आमच्या घरात केर काढला जात नाही.

ही माझ्या सासूबाईंची, नर्मदाबाईंची शिस्त. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही आणि घरच्या बाईने डोक्यावरून न्हायचं नाही. पाळतात बरेच जण, पण त्यांचं तासाभरात आटपतं. माणूस कोपऱ्यावर वळलं की लगेच झाडू हातात. सासूबाई तशा नव्हत्या. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत त्या झाडूला शिवत नसत. त्यांच्या काळी लोक अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने गोंदियावरून नागपूरला जायचे आणि पोचल्याचं पत्र आरामात मागून यायचं. तोवर घर कसं दिसत असेल ते विचारू नका. मी लग्न होऊन जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आले तेव्हा घरात टेलिफोन आला होता, म्हणून निभावलं.

मी शाळेत गृहविज्ञान शिकवायचे. मुलींना स्वच्छतेवर जन्मभर व्याख्यानं दिली, आणि घरी मुलगा विमानात बसला की पायाखाली कचरा करकरला तरी हात बांधून बसायचे. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चंद्रशेखरांना, त्याचं भारी हसू. "पायलटला माहीत आहे का, विमान तुझ्या झाडूवर चालून राहिलं म्हणून?" असं विचारायचे. वीज मंडळात इंजिनीअर होते, त्यामुळे तारेशिवाय कशावर विश्वास नाही. मी म्हणायचे, तुमची तार वादळात तुटते, माझी अजून तुटली नाही.

आमचा एकुलता एक मुलगा प्रसन्न टोरोंटोला गेला त्याला सात वर्षं झाली. त्याचा रस्ता मला पाठ. डुमना विमानतळावरून दुपारचं विमान, संध्याकाळी दिल्ली, तिथे अर्धी रात्र बसून राहायचं आणि मग पंधरा-सोळा तास आकाशात. एका दुपारी निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दिवेलागण व्हायच्या सुमाराला तिथे उतरतो. मग त्याचा फोन येतो, 'पोचलो आई', आणि मी झाडू हातात घेते.

त्याची बायको मैथिली पुण्याची. गेल्या डिसेंबरात त्यांना मुलगी झाली, समिधा. मला नात झाली आणि मी तिला अजून हातात घेतलेलं नव्हतं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "माताजी, दो-ढाई घंटे की फ्लाइट ठीक है, उससे लंबी भूल जाइए." म्हणजे टोरोंटो गेलं. बाळंतपणाला मैथिलीची आई गेली, मी इथे बसून डिंकाचे लाडू वळले. आणि एवढ्याशा जिवाला सोळा तास विमानात कोंडून आणा, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? प्रसन्न म्हणायचा, "थोडी मोठी होऊ दे आई, मग आणतो." मी फोनच्या काचेवर बोट ठेवून तिच्या गालाला हात लावायचे. तिकडे पडदा कायम ओढलेला असायचा, तिला उजेडाचा त्रास होतो म्हणे. रात्री अंथरुणावर पडलं की माझे हात रिकामे आहेत, हे मला जाणवायचं. दुखावं तसं जाणवायचं. त्या नातीला एकदा छातीशी धरावं, याखेरीज मला देवाजवळ मागायला काही उरलं नव्हतं.

प्रसन्न मात्र हल्ली बरेचदा यायचा. आधी दोन वर्षांतून एकदा दिसायचा, आता वर्षभरात ही तिसरी खेप. कंपनीचं काम दिल्लीला निघतं, मग चार दिवस घरी. माझं महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून झालं होतं की कॅनडात राहून आईसाठी एवढं येणारा मुलगा दुसरा दाखवा. यंदा गणपतीला आला. मोदक खाल्ले, आरतीला टाळ वाजवला, आणि महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी निघाला.

आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा मोठा सण. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. त्या यायच्या दिवशी घर झाडून पुसून लख्ख हवं, बाई डोक्यावरून न्हालेली हवी, त्याशिवाय मुखवट्यांना हात लावायचा नाही. प्रसन्न बॅग बंद करता करता थांबला.

"आई, मी उद्या संध्याकाळी पोचणार. मग तू न्हाणार कधी? महालक्ष्म्या तर उद्याच येतात ना?"

"उद्या तू पोचलास की. सहा वाजता न्हाईन आणि मग बसवीन. अपूर्वा येणार आहे मदतीला."

"इतक्या उशिरा? या वेळी सोड ना आई. काय होतंय?"

"सोडायला ती काय बस आहे?" मी म्हटलं.

तो हसला नाही. ह्यांच्याकडे पाहिलं त्याने. हे वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. मला वाटलं, पोराला माझी काळजी वाटतेय. जाताना त्याने वाकून नमस्कार केला आणि मी त्याच्या हातावर दही घातलं. रिक्षा गल्लीतून बाहेर पडली तेव्हा दारात फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यात बसून पुरणाची डाळ निवडत होते. घर गणपतीच्या दुर्वांनी, अक्षतांनी भरलेलं, ह्यांच्या पायाला खडीसाखर चिकटत होती आणि ते एकेक पाय झटकत फिरत होते. दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"आई, पोचलो गं. सुखरूप. तू न्हा आता. केर काढ. महालक्ष्म्यांना नको ताटकळत ठेवू."

मला इतका आनंद झाला की बाकी काही सुचलंच नाही. घाईत माणसाचं डोकं चालत नाही हे खरं. वाटलं, या खेपेला लवकरचं विमान मिळालं असेल. मी न्हाले, घर झाडलं, पुसलं, उंबरठ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली. दुपारभर दोघींना साड्या नेसवत बसले. निऱ्या मनासारख्या आल्या. यंदा सगळं वेळेत होतंय, असं मी दोनदा ह्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "चलो, बरं झालं."

पाच वाजता अपूर्वा आली. ही माझ्या दिरांची मुलगी, बँकेत आहे. कमानिया गेटवरून वेण्या आणि हार घेऊन आली होती.

"काकू, न्हाऊन झालं पण? दादा पोचला का?"

"पोचला की. सकाळीच फोन आला, दहाला."

"दहाला?" तिने पिशवी खाली ठेवली. "असं कसं? तो तर आत्ता पोचायला पाहिजे. रुको, मी बघते." तिच्या फोनमध्ये आकाशातली सगळी विमानं दिसतात. मागे तिनेच मला एकदा दाखवली होती. तिने फोन माझ्यासमोर धरला. "हे बघा, कल रात का दिल्ली-टोरोंटो. अजून उडूनच राहिलंय. उतरायला पाऊण तास आहे."

पांढऱ्याशा नकाशावर एक बोटभर पिवळं विमान होतं. हलत नव्हतं, पण पाहता पाहता पुढे गेलेलं दिसायचं.

"दुसऱ्याने गेला असेल," मी म्हटलं.

"कोणत्याही विमानाने जाऊ द्या काकू, साडेअकरा हजार किलोमीटर आहे. रात्री निघून सकाळी पोचायला ते काय नागपूर आहे?"

"अगं, मीच चुकले. तो दिल्लीला पोचल्याचा फोन होता. दे ती वेणी इकडे."

मी खोटं बोलले ते त्याची लाज राखायला. आणि खरं सांगते, तेव्हा मला राग आला नव्हता. उलट भरून आलं. हल्ली विमानातूनही फोन करता येतो म्हणतात. आईने पारोशा केसांनी महालक्ष्म्यांची वाट पाहू नये म्हणून पोरगा ढगातून 'पोचलो' म्हणाला. इतकी वर्षं ह्यांच्यासारखाच माझ्या झाडूला हसत आला, पण मनात धरून होता. मी दोघींना वेण्या माळल्या आणि मनात म्हटलं, बायांनो, त्याच्या खोट्याला क्षमा करा, माझ्यासाठी बोललाय.

साडेसातला आरती झाली. आता तो खरोखर पोचून घरी गेला असणार, तिकडे सकाळचे दहा वाजले असणार. हे शेजाऱ्यांकडे प्रसाद द्यायला गेले होते. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. 'चोरा, सापडलास' असं म्हणायचं ठरवून ठेवलं होतं.

त्याने उचलला. मांडीवर समिधा होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात समिधाने दोन्ही हातांनी फोन ओढला. तिकडे सगळं गरगर फिरलं आणि फोन कुठेतरी आडवा होऊन थांबला. समोर खिडकी होती. पडदा ओढलेला नव्हता. बाहेर काळोख होता. काळोखात समोरच्या इमारतीवर रंगीत दिव्यांच्या माळा लागलेल्या, आणि लाउडस्पीकरवर आरती चालू होती. आरती थांबली आणि कोणीतरी दक्षिणेकडच्या भाषेत काहीतरी जाहीर केलं. एक ऑटो हॉर्न वाजवत गेली.

प्रसन्नने फोन उचलला. त्याचा चेहरा दिसला. तो म्हणाला, "आई, इथे आपल्या लोकांचा गणपती असतो ना, त्याचा आवाज आहे."

सकाळच्या दहा वाजताच्या काळोखाबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. "हो का, छान आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. पडदा का ओढलेला असायचा. फोनची वेळ नेहमी तेच का ठरवायचे. दिल्लीला एवढं काम का निघायचं. काल माझ्या पाया पडून, हातावर दही घेऊन माझा मुलगा कॅनडाला गेलाच नव्हता. इथेच कुठेतरी आपल्या घरी गेला होता, आणि सकाळी पांघरुणातून उठून त्याने मला न्हायला सांगितलं होतं. मला त्याने मूर्ख बनवलं आणि वर माझ्या केसांची काळजीही केली. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला या वयात समजलं.

पण पहिला विचार आला तो ह्यांचा. ह्यांची बायपास झाली आहे. मुलावर जीव. संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा बाकावरच्या मंडळींना टोरोंटोचं हवामान सांगतात. आपला मुलगा आपल्याशी इतकं मोठं खोटं बोलतो, हे कळलं तर ह्यांचं काय होईल? मी ठरवलं, सण होईपर्यंत तोंड मिटून राहायचं. नंतर हळूच, गोळी देऊन, बसवून सांगायचं. एवढं सगळं मी एकटीने उचलायचं ठरवलं. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणपोळ्या. दोन पंगती उठल्या. दर पाचव्या माणसाचा एकच प्रश्न, प्रसन्न पोचला का? मी वाढता वाढता हसून मान हलवत होते आणि हे तूप घेऊन मागून येत होते. "काल सुखरूप पोचला. थंडी सुरू होऊन राहिली म्हणे तिकडे." शहपुऱ्याहून आलेल्या माझ्या मामेबहिणीने विचारलं, किती लांब हो ते? ह्यांनी तुपाची वाटी तशीच हातात धरून साडेअकरा हजार किलोमीटर सांगितले, मध्ये कोणकोणते देश लागतात तेही सांगितलं. मला गलबलून आलं. मनात म्हटलं, सांगा, आजच्या दिवस सांगून घ्या. माझा भोळा शंकर. एकाच पानात मी दोनदा पोळी वाढली, तेव्हा बहीण म्हणाली, दमलीस गं. मी म्हटलं, हो.

तीन वाजता घर रिकामं झालं. अपूर्वा भांडी आवरून गेली. हे महालक्ष्म्यांसमोर खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी समोर पाट घेऊन बसले.

"बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली. काहून?"

"एक सांगायचं आहे. पण मनाला लावून घ्यायचं नाही, शपथ आहे माझी. नाहीतर मी सांगत नाही."

"अगं, बोल ना."

"प्रसन्न टोरोंटोत नाही. इथेच आहे, भारतात. किती दिवसांपासून ते मला माहीत नाही. पण समिधा, मैथिली, सगळे इथेच आहेत."

ते दचकले नाहीत. अडकित्ता मिटून त्यांनी डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला कोणी सांगितलं?"

ते 'काय बोलून राहिली' असं म्हणाले असते, 'वेड लागलं का' म्हणाले असते, ओरडले असते, तर मी त्यांना सावरायला पुढे झाले असते. माझे हात त्यासाठी तयारही होते. पण त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं. ज्याने लपवलेली गोष्ट बाहेर फुटते ना, तो असं विचारतो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी डबा खुर्चीखाली सरकवला.

"कुठे आहे?"

"हैदराबाद."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्षावर. मागच्या पावसाळ्यात आले. तिकडची नोकरी गेली त्याची, आणि मैथिलीला दिवस गेलेले. हैदराबादला काम मिळालं तर लगेच आले. तो म्हणाला, बाबा, आईला थोडे दिवस नका सांगू, सगळीकडे कॅनडा कॅनडा करून राहिली ती. आम्हाला जरा बसू द्या नीट."

"आणि मग?"

"मग समिधा झाली. मग सांगणं अजून कठीण झालं."

"त्यात कठीण काय होतं?"

"तू गेली असतीस, सुहास."

"गेलेच असते. सुनेचं बाळंतपण करायला सासू जात नाही का?"

"तेच तर." ते खाली बघून बोलत होते, पण आवाज अगदी सरळ होता, कधीचं पाठ करून ठेवल्यासारखा. "तू गेली की तुझी पद्धत सुरू होते. बाळंतिणीने काय खायचं, बाळाला कसं धरायचं, केर कधी काढायचा. मैथिलीला ते नको होतं. दोघांनाच राहायचं होतं त्यांना. हे तुझ्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत नव्हती."

"आणि तुमची?"

"मला वाटलं, तू विमानाला दोष देऊन राहिली, डॉक्टरला देऊन राहिली, तर देऊ द्या. ते काही तुझे कोणी नाहीत. पोराला दोष द्यायची पाळी काहून आणायची तुझ्यावर?"

म्हणजे हे माझ्यावर उपकार चालले होते. अकरा हजार किलोमीटर माझ्या आणि माझ्या नातीच्या मध्ये ह्या दोघांनी अंथरून ठेवले होते, माझ्या पायाला टोचू नये म्हणून. मला संताप आला. पुरणाचं ताट उचलून फेकावंसं वाटलं. समोर महालक्ष्म्या होत्या म्हणून नाही फेकलं.

"डिसेंबरात माझे डिंकाचे लाडू नागपूरला कोणा टोरोंटोला जाणाऱ्याकडे द्यायला गेला होतात तुम्ही. पेन्शनरांचा मेळावाही होता म्हणे."

"मेळावा नव्हता."

"लाडू?"

"मीच घेऊन गेलो होतो, हैदराबादला. मैथिलीने सगळे खाल्ले, आवडले तिला." मग म्हणाले, "जुलैमध्ये पण गेलो होतो."

दोन्ही खेपांना मी घर पारोसं ठेवून ह्यांच्या फोनची वाट पाहिली होती. दोन्ही खेपांना ह्यांनी 'नागपूरला पोचलो' म्हणून कळवलं होतं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायची भीतीही वाटत होती.

"उचललंत का तिला?"

"हो."

"कशी आहे?"

"वजनदार आहे गं." आणि ते हसले. त्यांना थांबवताच आलं नाही ते हसू. "कडेवर घेतलं ना, की आधी चष्मा ओढते. मग नाकाला चावते. मला ओळखते ती आता. जुलैमध्ये दारातूनच झेप घेतली माझ्याकडे."

बोलता बोलता त्यांचा डावा हात आपोआप वाकला होता, कडेवर मूल असावं तसा. तो त्यांनी खाली घेतला, पण उशीर झाला होता, मी पाहिला. सगळं खोटं मी कदाचित कधीतरी पोटात घातलं असतं. ते हसू मला घालता येणार नाही. मी काचेवर बोट फिरवत होते तेव्हा शेजारी बसून हा माणूस म्हणायचा, 'नाक तुझ्यावर गेलंय बघ.' त्याला तेव्हा त्या नाकाचा स्पर्श माहीत होता.

"उद्या विसर्जन झालं की परवा मी जाते," मी म्हटलं. "तिकीट काढा माझं. किती वेळ लागतो?"

"पावणेदोन तास," ते पटकन म्हणाले. मग म्हणाले, "पण आधी विचारतो त्याला."

"काय विचारता?"

"असंच. त्यांची सोय बघावी लागेल ना. एकदम कसं जायचं?"

टोरोंटोत असताना प्रसन्न दर फोनला म्हणायचा, आई, तू ये गं, तुझ्यासाठी खोली ठेवली आहे. हैदराबादेतूनही गेलं वर्षभर तेच म्हणत होता. ज्याला येता येत नाही हे पक्कं माहीत आहे, त्याला बोलवायला कोणाचं काय जातं? आता पावणेदोन तासांचा रस्ता निघाला तर सोय बघायची होती. मी एवढंच म्हटलं, "विचारा."

ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आमच्या गॅलरीचं दार पुरतं लागत नाही. मी पाटावरच बसून होते, ऐकायचं नव्हतं तरी ऐकू येत होतं. त्यांचा आवाज हळू होता, सरावाचा होता. बाप-लेक असे किती वेळा माझ्याबद्दल बोलले असतील, ते त्या आवाजावरून कळत होतं.

"हां बेटा. कळलं तिला… नाही रे, मी नाही सांगितलं. तुला मी म्हटलं होतं ना, सकाळी फोन नको करू… हो, ती येते म्हणून राहिली. मी बघतो. मैथिलीला सांग, टेन्शन नको घेऊ, एवढ्यात नाही येत ती. मी समजावतो… नाही नाही, रडली वगैरे नाही."

तोपर्यंत मी खरंच रडले नव्हते.